लाईन गेली की लँडलाईनही जाते: फायबरच्या डब्यात लपलेला टेलिफोन गेटवे

घरी किंवा दुकानात फायबरचं कनेक्शन असेल तर त्या डब्याची मागची बाजू एकदा नीट बघा. नेटची केबल लावायचे चौकोनी पोर्ट तुम्हाला माहीत आहेतच. त्यांच्या शेजारी एक-दोन जरा लहान पोर्ट असतात. त्यावर फोनचं चित्र असतं किंवा 'टेल', 'फोन', 'पॉट्स' असं काहीतरी छापलेलं असतं. बहुतेक घरांत त्या पोर्टमध्ये आजवर धूळ सोडून काहीच गेलेलं नसतं.

दुकानात मात्र गोष्ट वेगळी. घाटंजीच्या बाजारात पाट्या वाचत निघालात तर 07230 ने सुरू होणारे नंबर अजून दिसतात. कृषी केंद्र, आडत, जिनिंग, मेडिकल. तो नंबर बिलबुकावर छापलेला असतो, जुन्या गिऱ्हाईकांच्या डायरीत असतो. तांब्याची लाईन वारंवार बंद पडते म्हणून फायबर घेतलं जातं आणि जुना फोन उचलून त्या लहान पोर्टला जोडला जातो. रिंग वाजते, आवाज स्पष्ट येतो, सगळे खूश. मग एक दिवस वीज जाते आणि फोनही मुका होतो. काका विचारतात, "लाईन गेली का फोनबी जाते, हे कसं काय? आधी तर जात नव्हता!"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आमच्याकडे 'लाईन' म्हणजे वीजही आणि फोनची तारही. पूर्वी त्या दोन वेगळ्या लाईनी होत्या. आता एक गेली की दुसरीही जाते. याचं कारण समजायचं तर त्या पोर्टच्या आत काय बसलंय ते बघावं लागेल. दुकानातल्या नेट-मोबाईलच्या सगळ्या भानगडी शेवटी घरातल्या विशीतल्या पोरांकडेच येतात, त्यामुळे हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

त्या पोर्टच्या मागे काय आहे

जुना लँडलाईन फोन हे फार साधं यंत्र आहे. त्याला स्वतःचं डोकं नाही, मेमरी नाही, चार्जर नाही. डायल टोन, रिंग, बोलण्यासाठी लागणारी वीज, सगळं एक्सचेंजकडून दोन तांब्याच्या तारांवरून येतं. एक्सचेंजमध्ये बॅटऱ्यांची मोठी रांग असते आणि ती लाईनवर साधारण 48 व्होल्ट सतत ठेवते. म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालायचा.

इंटरनेटला यातलं काहीच कळत नाही. त्याला कळतात फक्त डेटाची पाकिटं. तेव्हा मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. एका बाजूने त्याने जुन्या फोनसमोर एक्सचेंजचं सोंग घ्यायचं, दुसऱ्या बाजूने नेटवर पाकिटं पाठवायची. हा दुभाषा म्हणजे इंटरनेट टेलिफोनी गेटवे. एक-दोन फोनपुरता सुटा लहान डबा मिळतो, त्याला एटीए म्हणतात. चोवीस-बत्तीस फोन लागणारे मोठे गेटवे ऑफिसांत असतात. आणि फायबरच्या डब्यात तो आधीपासून आत बसवलेला असतो. बीएसएनएलचं फायबर असो की जिओफायबर, लँडलाईन फोन लागतो तो अशाच पोर्टला.

तुम्ही रिसीव्हर उचलता तेव्हा ऐकू येणारी डायल टोन आता यवतमाळहून किंवा गावच्या एक्सचेंजमधून येत नाही. तो डबाच ती तयार करतो. रिंगसाठी लागणारं जास्त व्होल्टेजही तोच बनवतो, तुमच्या टेबलावरच्या 12 व्होल्टच्या अॅडॉप्टरमधून. काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: बॅटऱ्यांची रांग होती ती राहिली एक्सचेंजमध्ये, आणि फोनला वीज पुरवण्याचं काम आलं तुमच्या प्लगवर.

आवाजाची पाकिटं

आवाजाचं काय होतं ते आकड्यांत बघू, कारण आकडे मजेशीर आहेत. गेटवे दर सेकंदाला 8000 वेळा आवाज मोजतो आणि प्रत्येक माप 8 बिटांत लिहितो. 8000 गुणिले 8 म्हणजे 64 हजार बिट्स, 64 केबीपीएस. ही जी.711 नावाची पद्धत 1972 पासून आहे, आणि लँडलाईनचा जो 'लँडलाईनसारखा' आवाज आपल्याला ओळखीचा आहे तो हाच.

नेटवर हे सलग जात नाही. साधारण 20 मिलिसेकंदांचा एक तुकडा कापायचा, म्हणजे 160 बाइट, त्यावर पत्ता वगैरे लिहायला 40 बाइट, आणि रवाना. सेकंदाला अशी 50 पाकिटं. हिशेब केला तर 80 केबीपीएस होतात. खालच्या थरांचं ओझं धरून थोडे आणखी. तासभर बोललात तरी दोन्ही दिशांचा डेटा मिळून 70-75 एमबी. एखादी सिरीज बघताना तेवढा कधी उडून जातो ते कळतही नाही.

दुसरी पद्धत आहे जी.729. ती तोच आवाज 8 केबीपीएसमध्ये बसवते. म्हणजे 20 मिलिसेकंदांचा आवाज फक्त 20 बाइट आणि पत्ता 40 बाइट. माल कमी, गोणपाट जड! फायबर असेल तर एवढी काटकसर करायची गरज नाही. पण ही पद्धत एवढी बचत कशी करते ते लक्षात ठेवा, कारण फॅक्सचं भांडण तिथूनच सुरू होतं. ती आवाज जसाच्या तसा लिहीत नाही. माणसाचा गळा, जीभ, ओठ मिळून आवाज कसा बनतो याचं गणित तिच्याकडे असतं आणि ती फक्त त्या गणितातले आकडे पाठवते. पलीकडे त्या आकड्यांवरून आवाज पुन्हा घडवला जातो.

कॉल लावणं, रिंग देणं, ठेवणं ही बोलणी एसआयपी नावाच्या नियमावलीने होतात. म्युच्युअल फंडवाली एसआयपी नाही हो. ही 2002 साली आजच्या रूपात आली. गेटवे सर्व्हरला आधी सांगून ठेवतो की हा नंबर सध्या माझ्याकडे आहे. कॉल आला की सर्व्हर त्याला निमंत्रण पाठवतो, गेटवे 'रिंग वाजतेय' म्हणून कळवतो, तुम्ही उचललंत की 'ठीक' म्हणतो. नंतर आवाजाची पाकिटं वेगळ्या वाटेने जातात. यामुळेच कधीकधी तो विचित्र प्रकार होतो: कॉल लागतो, पण आवाज एकाच बाजूने येतो. बोलणी पोचली, पाकिटं राउटरने अडवली. सुटा एटीए वापरत असाल आणि असं होत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये 'एसआयपी एएलजी' शोधा आणि बंद करून बघा. मदतीच्या नावाखाली ही सुविधा बऱ्याचदा पत्तेच बिघडवून ठेवते.

दोन सारखे दिसणारे पोर्ट

सुटा गेटवे विकत घेणार असाल तर एफएक्सएस आणि एफएक्सओ हे दोन शब्द पाठ करा. पोर्ट बाहेरून सारखेच दिसतात. एफएक्सएस पोर्ट फोनला वीज आणि डायल टोन देतो, त्याला फोन किंवा फॅक्स मशीन जोडायचं. एफएक्सओ पोर्ट घेणारा आहे, त्याला एक्सचेंजकडून आलेली लाईन जोडायची. देणाऱ्याला देणारा जोडला, म्हणजे एफएक्सएस पोर्टमध्ये एक्सचेंजची चालू लाईन खुपसली, तर डबा जळू शकतो. ऑनलाईन स्वस्तात मिळालेला डबा यातला कुठला आहे ते पैसे देण्याआधी बघा.

जुना गोल डायलचा फोन घरात शोभेला असेल तर तोही जोडून बघायचा मोह होईल. रिंग वाजेल, बोलता येईल, पण नंबर फिरवता येईलच असं नाही. बऱ्याच डब्यांना बटणांचे सूर कळतात, डायलचे ठोके कळत नाहीत.

आवाज तुटतो तेव्हा

आपण सगळे स्पीड टेस्ट करतो आणि डाउनलोडचा आकडा बघून खूश होतो. फोनला त्याचं काही पडलेलं नाही. त्याला 100 केबीपीएस पुरतात, फक्त ते वेळेवर आणि दोन्ही दिशांनी मिळाले पाहिजेत. बोललेलं पलीकडे पोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

दुकानात खरा गुन्हेगार बहुतेक वेळा सीसीटीव्ही असतो. कॅमेरे क्लाउडवर व्हिडिओ चढवत बसतात, अपलोडची वाट भरते आणि आवाजाची पाकिटं रांगेत उभी राहतात. फायबरच्या डब्यातल्या फोन पोर्टचा फायदा इथे दिसतो. कंपन्या सहसा त्या पोर्टच्या आवाजाला नेटपासून वेगळी वाट देतात, त्यामुळे कॅमेऱ्यांची गर्दी झाली तरी फोनला फारसा धक्का लागत नाही. सुटा एटीए किंवा मोबाईलवरचं कॉलिंग अॅप मात्र सगळ्यांसोबत त्याच गर्दीतून जातं. म्हणून गल्ल्यावरच्या फोनसाठी माझं मत सरळ आहे: कंपनीचा फोन पोर्ट मिळत असेल तर तोच वापरा, हौसेने वेगळा डबा लावू नका.

फॅक्स का रुसतो

फॅक्स अजून आहे का? व्हॉट्सअॅपवर पीडीएफ जाते तिथे कुणी फॅक्स का करेल? माझंही मत तेच, आणि नवीन मशीन घ्यायला मी कुणालाच सांगणार नाही. पण नोव्हेंबर 2018 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र राजभवनाच्या फॅक्सवर पोचलं की नाही यावरून देशभर चर्चा झाली होती. म्हणजे यंत्र म्हातारं असलं तरी मेलेलं नाही. एखाद्या जुन्या व्यापाऱ्याकडे, झेरॉक्सच्या दुकानात ते अजून चालू असतं आणि फायबर आल्यावर नेमकं तेच बंद पडतं.

कारण असं. फॅक्स कागद वाचून त्याचे सूर बनवतो. फोनवर ऐकलंत तर किंचाळल्यासारखे वाटतात ते. पलीकडचं मशीन त्या सुरांतून पुन्हा काळे-पांढरे ठिपके काढतं. आता वरची जी.729 आठवा. तिला फक्त माणसाचा गळा माहीत आहे. मॉडेमचे सूर ती माणसाच्या आवाजात बसवायला जाते आणि कागदाचा भुगा होतो. जी.711 वापरलं तर सूर बऱ्यापैकी शाबूत राहतात, पण एखादं पाकीट हरवलं तर? बोलताना 20 मिलिसेकंदांचं भोक गेटवे आधीच्या आवाजाने बुजवतो, आपल्या कानाला पत्ताही लागत नाही. फॅक्सला मात्र तेवढ्यात कागदाच्या काही ओळी गमवाव्या लागतात, आणि असं दोन-तीनदा झालं की मशीन फोनच ठेवून देतं.

यावर 1998 मध्ये टी.38 नावाचा मार्ग निघाला, आणि कल्पना छान आहे. गेटवे स्वतःच फॅक्स मशीन असल्याचं सोंग घेतो. सूर ऐकून त्यातले ठिपके इथेच बाहेर काढतो, ते डेटा म्हणून पाठवतो, वर आधीच्या पाकिटाची प्रतही पुढच्या पाकिटात टाकतो. एखादं हरवलं तरी माल मिळतो. पलीकडचा गेटवे पुन्हा सूर बनवून तिथल्या मशीनला ऐकवतो. अट एवढीच की वाटेतल्या सगळ्यांना टी.38 यायला हवं, आणि गाडी इथेच अडते. तुमच्या डब्यात असेल, कंपनीच्या सर्व्हरवर चालू असेलच असं नाही. तेव्हा कनेक्शन घेतानाच विचारा. नसेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये वेग 9600 वर आणून बघा, पुष्कळदा एक-दोन पानं तेवढ्याने जातात. दहा पानं पाठवायची असतील तर स्कॅन करून मेल करा आणि विषय संपवा.

बँकेच्या ग्राहक सेवेत '1 दाबा' म्हटल्यावर दाबूनही काही होत नसेल तर त्याचंही मूळ हेच: बटणांचे सूर वाटेत चेंगरतात. ही सेटिंग कंपनीच्या बाजूने दुरुस्त होते, तक्रार करताना नेमकं तेवढंच सांगा.

कायदा कुठे आडवा येतो

हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण यात तुमच्या वयाची मुलं अडकतात.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला 1 एप्रिल 2002 पासून मर्यादित परवानगी मिळाली. दोन्ही टोकांना इंटरनेटवर चालणारी यंत्रं असतील तर कॉल करता येत होता. घाटंजीचं दुकान आणि यवतमाळचं गोडाऊन यांच्यात दोन एटीए लावून 101, 102 असा आपला इंटरकॉम करणं या प्रकारात बसतं. पण इंटरनेटवरचा कॉल देशातल्या साध्या मोबाईल-लँडलाईन नंबरवर उतरवायला मनाई होती. ऑक्टोबर 2017 मध्ये ट्रायने शिफारशी केल्या, जून 2018 मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत तशी दुरुस्ती केली, आणि लगेच जुलैमध्ये बीएसएनएलने 'विंग्ज' ही सिमशिवाय कॉल करण्याची सेवा जाहीर केली. मुद्दा असा की इंटरनेट आणि सार्वजनिक टेलिफोन जाळं जोडण्याचं काम परवाना असलेली कंपनी करते. ते तुम्ही-मी करायचं नाही.

आणि ते करणारा डबा बाजारात मिळतो, अडचण तिथे आहे. त्यात तांब्याच्या लाईनीऐवजी सिमकार्डं बसतात, एकाच वेळी कितीतरी. त्याला सिम बॉक्स म्हणतात. परदेशातला कॉल इंटरनेटवरून गुपचूप त्या डब्यात येतो आणि डबा स्थानिक सिमवरून पुढे लावतो. घेणाऱ्याच्या स्क्रीनवर साधा भारतीय नंबर दिसतो. परदेशातून आलेला कॉल उतरवून घेताना भारतीय कंपनीला जे शुल्क मिळायला हवं ते बुडतं, आणि कॉल कुठून आला याचा माग तुटतो. जून 2017 मध्ये लातूर जिल्ह्यात एटीएस आणि पोलिसांनी छापे घालून अशी बेकायदा एक्सचेंजं पकडली होती. भिवंडीतही असे छापे पडले आहेत.

हे चालवणाऱ्यांना गरज असते ती एका खोलीची, चांगल्या नेटची आणि फार प्रश्न न विचारणाऱ्या माणसाची. 'फक्त एक डबा चालू ठेवायचा, महिन्याला पैसे मिळतील' किंवा 'तुझ्या नावावर चार-पाच सिम काढून दे' असं कुणी म्हणालं तर ते नेमकं काय आहे हे आता तुम्हाला कळेल. 2023 च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय दूरसंचार सेवा देणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. डबा ज्याच्या खोलीत सापडतो, पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. परदेशातून कॉल येतोय आणि नंबर मात्र भारतीय दिसतोय असं झालं तर संचार साथी पोर्टलवर त्याची तक्रार करण्याची सोय आहे.

दुसरा धोका उलट्या दिशेचा. सुट्या गेटवेचा कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवला आणि तो थेट इंटरनेटवर उघडा राहिला, तर रात्रभर असे डबे शोधत फिरणारे प्रोग्राम त्याला गाठतात. तुमच्या खात्यावरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लागतात आणि बिल तुमच्या नावावर. पासवर्ड बदला, आणि दुकानाला आयएसडी लागत नसेल तर ती कंपनीकडून बंदच करून घ्या.

तांबं सोडण्याआधी

सगळ्यात आधी नंबर. मोबाईलसारखी पोर्टेबिलिटी लँडलाईनला नाही. कंपनी बदलली की 07230 चा तुमचा नंबर गेला, पाटी आणि बिलबुक परत छापा. त्याच कंपनीच्या तांब्यावरून फायबरवर जाताना जुना नंबर तोच राहील का, हे अर्ज भरतानाच विचारा आणि उत्तर अर्जावर लिहून घ्या. 'हो, होऊन जाईल' या तोंडी शब्दावर जुनी लाईन सरेंडर करू नका. नवीन पोर्टवर तुमचा नंबर वाजायला लागला, की मग जुनीचा विचार.

मग वीज. डब्याच्या अॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेक 12 व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टचा राउटरसाठीचा छोटा यूपीएस हजार-दोन हजार रुपयांत येतो. पिनचं माप आणि अँपिअर जुळतायत ना बघा. दुकानात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्याच्या बोर्डावर आहे का एवढंच तपासा. पुष्कळ ठिकाणी पंखा इन्व्हर्टरवर असतो आणि नेटचा डबा नसतो! फायबरची तार आणि खांबावरचे स्प्लिटर यांना वीज लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण पलीकडे ऑपरेटरच्या खोलीतल्या मशीनला लागते. त्याची बॅटरी किती तास टिकते ते त्यालाच विचारा, आणि दुपारी लाईन गेली असताना आपल्या यूपीएसवर फोन उचलून एकदा स्वतः ऐका. डायल टोन आली एवढ्यावर समाधान मानू नका, ती आपल्याच डब्याची असू शकते. दुकानाच्या फोनवरून आपल्या मोबाईलवर कॉल लावा, मग मोबाईलवरून दुकानात.